एक मिली आणि दोन थेंब

१९ जानेवारी, रविवार. बाळाचं बोरन्हाण. पुनावळे, घरासमोरचं अंगण, सकाळी साडेदहा.

हजर: सासूबाई. धाकटी जाऊ. तिची साडेतीन महिन्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी; कार्यक्रम तिचाच. माझी लेक, वय वर्षं चौदा. मी. समोरच्या टॉवरमधली नऊ मुलं आणि त्यांच्यातल्या चौघांच्या आया. माझा नवरा, फोटो काढण्यापुरता.

गैरहजर: दीर. चाकणच्या कंपनीत त्याला रविवारचा ओव्हरटाइम लागला होता. दर वीस मिनिटांनी व्हिडिओ कॉल करून त्यानं ती गैरहजेरी भरून काढली.

साडेदहा ही वेळ मुहूर्ताची नव्हती, उन्हाची होती. सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा समोर ज्वारी होती आणि ऊन दिवसभर अंगणात पडून असायचं. आता पूर्वेला बावीस मजले उभे आहेत, दक्षिणेला आणखी एक इमारत वर चालली आहे. जानेवारीत आमच्याकडे ऊन दहा वीसला येतं आणि पावणेबाराला जातं. दोन रविवार बघून मी वेळ लिहून ठेवली होती.

बाकीचीही तयारी झाली होती. काळं झबलं इस्त्री करून. बोरं धुऊन. चुरमुरे चाळून. उसाचे करवे सोलून. लहान, कडक गोळ्या बाजूला काढून, कारण त्या पोरांच्या घशात अडकतात. जमिनीवर सतरंजी, सतरंजीवर चादर, मधोमध पाट. फक्त हलव्याचे दागिने राहिले होते. ते सासूबाईंनी स्वतः केले होते आणि मुंग्यांच्या भीतीनं आपल्या कपाटात ठेवले होते. त्या बाळाला काजळ लावत होत्या, म्हणून मला म्हणाल्या, "घे तूच. दुसऱ्या कप्प्यात हाय डबा."

मी डबा काढला. डब्यामागे औषधाच्या तीन बाटल्या होत्या, एका ओळीत, लेबलं पुढे करून. तिन्हींची सीलं शाबूत.

मी तळवड्यातल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. रॅकवर सील न फोडलेला माल दिसला की माझ्या मनात पहिला प्रश्न हाच येतो: मग इतके दिवस लाइन चालली कशावर?

त्या बाटल्या ड जीवनसत्त्वाच्या होत्या. बाळाला रोज एक मिली द्यायचं, एका बाटलीत तीस मिली, म्हणजे महिन्याला एक बाटली. दर महिन्याच्या एक तारखेला मी नवी आणून सासूबाईंच्या हातात देत होते. हिशेबानं तीन संपून चौथी अर्ध्यावर यायला हवी होती.

बाहेर पोरं गोळा झाली होती. मी कपाट लावलं आणि डबा घेऊन बाहेर आले.

*

त्या बाटल्या माझ्या मनाला एवढ्या का लागल्या, ते सांगायला थोडं मागे जायला हवं.

चार वर्षांपूर्वी, माझी लेक दहा वर्षांची असताना, तिला मधुमेह निघाला. टाइप वन. हा गोड खाऊन होत नाही. शरीरच आपल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटतं आणि मग बाहेरून इन्सुलिन घ्यावं लागतं, रोज, कायमचं. हे वाक्य मी गेल्या चार वर्षांत इतक्या लोकांना सांगितलं आहे की आता एका दमात म्हणते. तरी एखादी बाई विचारतेच, "चॉकलेटं फार खायची का हो?"

हॉस्पिटलमधल्या त्या आठवड्यात मी एक यादी केली. वर लिहिलं, 'काय राहिलं?' आणि खाली तिच्या जन्मापासूनचं सगळं. लसी: सगळ्या झाल्या. अंगावरचं दूध: तीन महिने पूर्ण, मग माझी ड्युटी सुरू झाली. ताप, खोकला, कुठली औषधं, कधी. त्यातच एक ओळ होती, 'ड्रॉप्स: वर्षभर. आईंनी दिले.' त्या ओळीपुढे मी बरोबरची खूण केली होती. निदान तेवढं तरी आपल्याकडून चुकलं नाही, असं त्या खुणेकडे बघून मला वाटलं होतं. ती यादी मी कुणालाही दाखवलेली नाही.

नंतर लेक शिकली, आम्हीही शिकलो. चपातीत किती कार्ब, भातात किती, वाढदिवसाच्या केकला किती युनिट. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत, पण मीटरवरचा आकडा त्या लांबून वाचतात. शुगर कमी झाली तर मीटरच्याही आधी त्यांना कळतं. पोरीचा हात हातात घेतात आणि म्हणतात, "बाय, हात गार लागतोय. मोज." मोजलं की साठ. एकदाही चुकलेल्या नाहीत.

मग जावेला दिवस राहिले. ती लातूरकडची, तळवड्यालाच एका आयटी कंपनीत. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच करायचं ठरलं. बाळ यायच्या महिनाभर आधी मी पेपरच्या पुरवणीत एक लेख वाचला. तान्हेपणी ड जीवनसत्त्व नीट मिळालं तर मुलांचा मधुमेह टाळता येईल का, असा विषय होता. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं. मी घरात सांगताना ते प्रश्नचिन्ह गाळलं.

नुसतं सांगितलं नाही, लिहिलं. बाळ घरी आल्यावर मी फ्रिजवर तक्ता लावला. मालिश, अंघोळ, ड्रॉप्स असे तीन रकाने. खाली तारखा. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, दोनदा गिरवून: 'बाळाला शुगर होऊ नये म्हणून.'

मालिश आणि अंघोळ सासूबाईंकडेच होती, म्हणून अंघोळीनंतरचे ड्रॉप्सही त्यांच्याकडे. दोरीला बांधलेल्या पेनानं त्या रोज तीन खुणा करायच्या. साडेतीन महिन्यांत एकही चौकोन रिकामा नव्हता. आमच्या स्टोअर्समध्येही इतका स्वच्छ तक्ता मी पाहिलेला नाही.

*

बोरन्हाण झकास झालं. बाळाच्या डोक्यावर हलव्याचा मुकुट तिरका बसला होता. पहिलं माप ओतलं तेव्हा ती दचकली, दुसऱ्याला डोळे मिटले, तिसऱ्याला हसली. पोरं चादरीवर तुटून पडली. माझ्या लेकीनं आधीच जाहीर केलं होतं, "माझी पाच बोरं आणि एक करवा. हिशेब झालाय. कुणी मला आग्रह करायचा नाही आणि कुणी 'अरेरे' म्हणायचं नाही." एका बाईंनी तरीही म्हटलंच. लेक म्हणाली, "काकू, तुम्हाला पाहिजे तर माझ्या वाटचं 'अरेरे' तुम्ही ठेवा."

दीर फोनमधून ओरडत होता, "अरे, माझ्या पोरीला दाखवा की! नुसती चादर दिसतीय."

सव्वाअकराला मंडळी पांगली. मी स्वयंपाकघरात तिन्ही बाटल्या ओट्यावर ठेवल्या. बाळाच्या टोपलीतली उघडलेली चौथी आणली आणि उजेडात धरली. दोन तृतीयांश भरलेली होती.

"आई, बाळाला ड्रॉप्स रोज देता ना?"

सासूबाई चादरीतले चुरमुरे निवडत होत्या. "म्हंजे? खुना बघ की. एक दिस चुकला न्हाई."

"मग या बाटल्या कशा उरल्या?"

"तू आनतीस दर म्हैन्याला. मी ठिवते. म्हनलं हिला साठवायची सवयच हाय."

जाऊ बाळाला कुशीत घेऊन दारात उभी राहिली. मी विचारलं, "आई, कसे देता ते दाखवता का?"

"दाखवायचं काय त्यात? जलमभर पोरांना डोस पाजलेत मी."

हे खरं होतं. पोलिओच्या रविवारी अंगणवाडीच्या बाईंबरोबर गावभर फिरून पोरं गोळा करायचं काम सासूबाईंनी कितीतरी वर्षं केलं. पळणारं पोर कसं धरायचं, गाल कसे दाबायचे, तोंड कसं उघडायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला जमत नव्हतं. त्या उठल्या, हात धुतले, बाटलीचा ड्रॉपर काढला, डाव्या हाताच्या दोन बोटांनी बाळाचे गाल हलकेच दाबले आणि ड्रॉपर वर धरला.

"एक. दोन. झालं."

बाळानं ओठ चाटले. आम्ही तिघी बघत राहिलो.

"आई, दोनच थेंब?" जाऊ म्हणाली.

"मंग किती?"

"ड्रॉपरवर रेघ आहे ना. तिथपर्यंत भरायचं. एक मिली."

सासूबाईंनी ड्रॉपर डोळ्यांजवळ नेला. "एवढं? पोरीला पाजायचं का न्हाऊ घालायचं?"

"डॉक्टरांनी तेवढंच लिहिलंय, आई," मी म्हणाले.

"डॉक्टरांनी कुटं लिवलं ते मला ठावं न्हाई. तू काय लिवलंयस त्यो कागद आन."

लेकीनं फ्रिजवरचा तक्ता आणला.

"वाच. काय लिवलंय?"

"ड्रॉप्स."

"ड्रॉप म्हंजे काय?"

"थेंब."

"आन् ड्रॉप्स?"

"थेंबच, आजी. अनेकवचन."

"अनेक म्हंजे किती?"

"म्हणजे... दोन किंवा त्याहून जास्त."

"मंग! दोन दिले." सासूबाईंनी ड्रॉपर बाटलीत खोचला. "डोस म्हंजे दोन थेंब. बारक्या पोरालाबी इचार."

लेक हसून ओट्याला टेकली. जावेला हसू आवरेना, तिच्या कुशीतलं बाळ गदगदायला लागलं. बाहेरच्या खोलीतून नवरा ओरडला, "स्टोअर्सवाल्या बाईंनी माप लिहिलं नाही! लिहून घ्या कुणीतरी!" तेवढ्यात दिराचा पुढचा कॉल आला. त्याला सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "वहिनी, आमच्याकडं हे झालं असतं ना, तर लाइन थांबवून मीटिंग लावली असती. पोका-योके करा राव आता." पोका-योके म्हणजे चूक करायची म्हटली तरी करता येणार नाही अशी सोय. चाकणमध्ये लहान मुलांनासुद्धा हा शब्द माहीत असतो.

मीही हसले. माझीच चूक होती. वीस वर्षं मी लोकांच्या मागणीपत्रांवर लाल पेनानं 'माप लिहा' असं लिहून ती परत पाठवते आहे.

सासूबाईही हसत होत्या, पदरानं डोळे पुसत. डोळे पुसून त्यांनी माझ्या लेकीकडे पाहिलं. ती आपली पाच बोरं मोजून वाटीत ठेवत होती. सासूबाईंचं हसू थांबलं.

"हिच्या येळंला बी मीच द्यायचे," त्या म्हणाल्या.

त्यांनी ओट्यावरची बाटली हातात घेतली.

"हिला बी दोनच दिले."

मग त्यांनी तक्त्याकडे पाहिलं, वरच्या मोठ्या अक्षरांकडे. तो मथळा त्यांना वाचून दाखवायची गरज नव्हती. साडेतीन महिने रोज तीन खुणा करताना तो त्यांच्यासमोरच होता.

"आई, तसं काही नसतं," मी म्हणाले. पण मी फार पटकन म्हणाले. माझ्या मनात त्याच वेळी ती जुनी यादी उघडली होती आणि 'वर्षभर, आईंनी दिले' पुढची खूण पुसली जात होती. सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी काय पाहिलं असेल ते मला माहीत आहे.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाळाची मालिश केली, अंघोळ घातली, धुरी दिली, दुपट्यात गुंडाळलं आणि बाटली आणून माझ्यासमोर ठेवली.

"डोस तू दे."

"आई, नुसतं रेघेपर्यंत भरायचं..."

"न्हाई. तूच दे. न्हाईतर तिच्या आईला सांग."

तक्त्यातल्या दोन चौकोनांत त्यांनी खूण केली आणि तिसरा सोडून दिला. बाळ झाल्यापासूनचा तो पहिला रिकामा चौकोन.

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि जावेला, बाळाला घेऊन सांगवीला आमच्या डॉक्टरबाईंकडे गेले. माझी लेक लहान असल्यापासून त्या आमच्या डॉक्टर आहेत. सासूबाईंना चला म्हटलं, तर गुडघा दुखतो म्हणाल्या. आदल्याच दिवशी त्या मंडईतून दोन पिशव्या भाजी चालत घेऊन आल्या होत्या.

मी प्रश्न लिहून नेले होते. डॉक्टरबाईंना सवय आहे. त्यांनी हात पुढे केला, "द्या इकडे. मीच वाचते." पहिला प्रश्न वाचून त्या मोठ्यांदा हसल्या. "दोन थेंब? तुम्ही पहिल्या नाही. अहो, एकांनी चहाचा चमचा भरून दिला होता. ती जास्त काळजीची गोष्ट."

त्यांनी बाळ तपासलं. टाळू, मनगटं, पाय. वजन केलं. "बाळ छान आहे. मालिश कोण करतं?"

"सासूबाई."

"सांगा त्यांना मी विचारत होते म्हणून. इतक्या घट्ट अंगाचं बाळ आठवड्यात एखादंच येतं."

चौथा प्रश्न होता, 'राहिलेला डोस भरून काढायचा का? कसा?' त्यांनी चष्मा काढला. "हे अजिबात करायचं नाही. हा कंपनीतला बॅकलॉग नाही. जादा गेलं तर त्रास होतो. आजपासून रोज एक मिली, एवढंच. उघडलेली जुनी बाटली टाकून द्या. आणि नवी घेताना लेबल बघा, प्रत्येक कंपनीचं प्रमाण सारखं नसतं. बदलली तर मला विचारा."

सहावा प्रश्न मी कागद दुमडून आत घेतला होता. त्यांनी तो उलगडला, वाचला, आणि जावेला म्हणाल्या, "बाळाला जरा बाहेर फिरवून आणता का?" जाऊ गेली.

"ड जीवनसत्त्व आम्ही हाडांसाठी देतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मुडदूस होऊ नये म्हणून. मधुमेहाचं विचाराल तर अभ्यास चालू आहेत. काहींत थोडा संबंध दिसतो, काहींत दिसत नाही. दिलं की टळतो, असं मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही. आणि कमी पडलं म्हणून झाला, असं तर कुणीच सांगू शकत नाही."

"म्हणजे आमच्या लेकीला..."

"भरपूर डोस घेतलेल्या मुलांनाही होतो. एकही थेंब न मिळालेल्या लाखो मुलांना होत नाही. तुमच्याकडून काही चुकलेलं नाही. तुमच्या सासूबाईंकडूनही नाही." त्यांनी कागद परत दिला. "हे मला चार वर्षांपूर्वी का नाही विचारलंत?"

"तेव्हा त्या ओळीवर खूण झाली होती," मी म्हणाले. त्यांना ते कळलं नसावं. पण त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मी सगळं पाणी प्यायले.

परतताना रिक्षात जाऊ म्हणाली, "ताई, मला एक सांगा. तुम्ही माझ्या पोरीची काळजी करत होतात की तुमच्या?"

"दोघींची."

"वाटलंच." तिनं बाळाचं टोपडं सारखं केलं. "आता जरा आईंची करा."

*

मी घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. क्रमानं, काही न गाळता. मालिशचं कौतुक आधी सांगितलं. त्या हरभऱ्याचे घाटे सोलत ऐकत होत्या.

"डॉक्टरबाई चांगल्या हायत," त्या म्हणाल्या. "बोलत्यात बी गोड."

"गोड म्हणून नाही बोलल्या, आई. खरं आहे ते."

"आसंल."

लेक शाळेतून आली होती. तिनं दप्तर टाकलं आणि आजीच्या शेजारी बसून सोललेले दाणे तोंडात टाकायला लागली. "आजी, कुणामुळेच नाही झालं गं मला. डॉक्टर म्हणाल्या ना?"

"तुझी आई म्हनली व्हती ना, डोस दिला तर शुगर हुत न्हाई."

"आई काय, काहीही म्हणते."

"म्हनली आसती तर गोष्ट येगळी." सासूबाईंनी एक घाटा सोलला. "तिनं लिवलं व्हतं."

मी तिथेच उभी होते. त्या माझ्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता. "तू उगा काय लिवीत न्हाईस. किराणा लिव, पावनेरावळे लिव, ह्या घरात तुझ्या कागदाचं कवा चुकलं न्हाई. सोताच्या लग्नाचं जेवान सुदीक तू लिवलं व्हतंस, एक पान कमी पडलं न्हाई. आन् ह्येच तेवढं चुकीचं लिवलं व्हय?"

मी 'हो' म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "तसं नाही, आई, तो एक लेख होता, त्यात..." आणि लेख समजावायला लागले. त्यांनी मान हलवली आणि परात घेऊन आत गेल्या.

तो आठवडा बाळाला डोस मी दिला, नाहीतर जावेनं. बाळाला आमचे हात पसंत नव्हते. अर्धा मिली गालावरून गळ्यात जायचा. सासूबाई दारात उभ्या राहून बघायच्या आणि बोलायच्या नाहीत. न बोलणं त्यांना किती जड जात होतं ते त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं की कळायचं. दोन बोटं आपोआप गाल दाबायच्या तयारीत यायची.

सव्वीस जानेवारीला लेक झेंडावंदन करून आली ती पांढऱ्या गणवेशातच बाळाच्या खोलीत गेली. तिच्या हातात माझ्या कपाटातली लाल नेलपॉलिशची बाटली होती. नव्या ड्रॉपरवर एक मिलीच्या रेघेभोवती तिनं लाल कडं काढलं, फुंकर मारून वाळवलं आणि आजीसमोर धरलं.

"काकांचं पोका-योके. लाल लागेपर्यंत भरायचं. बस."

"मला न्हाई जमायचं."

"जमायचं काय त्यात? माझी सुई तू बघून सांगतेस ना, बुडबुडा आहे का ते? मग? मी भरते, तू धर. तुझ्याशिवाय ही तोंडच उघडत नाही. काल माझ्या गणवेशावर सांडलं सगळं."

सासूबाई बसल्या. बाळाला मांडीवर आडवं घेतलं. दोन बोटांनी गाल दाबले. लेकीनं लाल कड्यापर्यंत भरलं, उजेडात धरून बुडबुडा बघितला, आजीला दाखवला. आजीनं मान डोलावली. मग ड्रॉपर आपल्या हातात घेऊन, गालाच्या आतल्या बाजूनं, थोडं थोडं, थांबत थांबत, सगळं पाजलं. एक थेंब बाहेर आला नाही.

"गिळलं बया," सासूबाई म्हणाल्या. "गुनाची हाय."

तेव्हापासून रोज सकाळी शाळेआधी दोघी मिळून डोस देतात. लेकीचं इन्सुलिन आणि बाळाचा डोस एकाच वेळी असतो. सुई आधी, मग ड्रॉपर. सासूबाई दोन्हींतले बुडबुडे बघतात.

मी नवा तक्ता केला. त्यात लिहिलं आहे, 'ड जीवनसत्त्व, १ मिली, लाल कड्यापर्यंत, दिवसातून एकदा. हाडांसाठी.' नवऱ्यानं खाली सही करून 'तपासले' असं लिहिलं. नवा लावताना बघितलं तर जुना फ्रिजवर नव्हता. मला वाटलं जावेनं टाकला असेल.

दागिन्यांचा रिकामा डबा परत ठेवायला मी सासूबाईंचं कपाट उघडलं. जिथे तीन बाटल्या उभ्या होत्या तिथे एक जुनं झबलं होतं, माझ्या लेकीचं, मी कधीच देऊन टाकलं असं समजत होते ते. त्यावर तो तक्ता, चार घड्या घालून. मथळा बाहेर.

मी त्याला हात लावला नाही. उचलून फाडून टाकला असता तर एक काम संपलं असतं, पण ते माझं काम नव्हे. तो कागद त्यांच्याकडून मागून घ्यायचा आहे. समोर बसून सांगायचं आहे की आई, हे मी लिहिलं आणि हे चूक आहे. लेख नाही, डॉक्टर नाही, 'तसं नाही पण' नाही. त्यांना माझ्या अक्षराची खात्री आहे, म्हणून ते माझ्याच तोंडून खोडलं गेलं पाहिजे.

गेले तीन रविवार ती ओळ माझ्या यादीत आहे. पहिल्या रविवारी पाहुणे होते. दुसऱ्या रविवारी त्यांचा गुडघा खरंच दुखत होता.

आज मी अंगणात यादी घेऊन बसले होते. गॅसची नोंदणी झाली. लेकीच्या मीटरच्या पट्ट्या आणल्या. बाळाची पुढची बाटली आणली, लेबल तपासलं. समोर सासूबाई बाळाला पायांवर घेऊन उन्हात बसल्या होत्या. सावली पायरीपर्यंत आली होती.

"काय लिवतीस?" त्यांनी विचारलं.

"यादी."

"किती ऱ्हायलं?"

"एकच."

"मंग उरकून टाक की."

"उरकते," म्हणाले, आणि कुकर लावायला आत गेले.